सात देशांची यादी बाजूला ठेवा, मेकाँगचा काठ धरा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत अडीच महिने मोकळे आहेत. सह्याद्रीत भरपूर भटकून झालंय, पण पाठीवर सॅक टाकून एकटीनं देशाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. निसर्ग, संस्कृती आणि खाणं, तिन्ही हवं. यादीत नेपाळ, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया आणि इंडोनेशिया आहेत. अंडं चालतं, मांस-मासे चालत नाहीत. या सात देशांचा क्रम कसा लावावा आणि राहायच्या जागा आधीच बुक कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

क्रम कसाही लावलात तरी हा प्रवास तुम्हाला दमवणार आहे. पंचाहत्तर दिवसांत सात देश म्हणजे एका देशाला दहा-अकरा दिवस. त्यातले दोन-तीन दिवस तरी विमानतळ, सीमेवरची रांग, नवं सिमकार्ड, नवं चलन आणि शहरातून बाहेर पडण्याची बस शोधण्यात जातात. उरलेल्या आठवड्यात राजधानी आणि एखादं गाजलेलं ठिकाण, एवढंच हाती लागतं. शिवाय पैशांचं गणितही इथेच बिघडतं. या भागात राहणं आणि खाणं स्वस्त आहे, महाग आहे ते हलणं. दर दहा दिवसांनी विमान पकडणारी माणसं एकाच पट्ट्यात दोन महिने काढणाऱ्यांपेक्षा जास्त खर्च करतात आणि कमी बघतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय.

म्हणून मी देश मोजत नाही. आधी तारखांना हवा कुठे चांगली आहे ते बघते, मग जमिनीवरून किंवा पाण्यावरून सलग जाता येईल अशी एक रेघ शोधते. तुमच्या तारखांना हे लावून बघू.

आशियातला पाऊस सगळीकडे एकाच वेळी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत जावा आणि बाली बेटांवर ऐन पावसाळा असतो. तिथला कोरडा मोसम साधारण मे ते सप्टेंबर, जावातला ब्रोमो किंवा शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी हे ज्वालामुखी चढायचे असतील तर तेव्हाच जावं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर याच महिन्यांत ईशान्य मोसमी वारे असतात आणि तिथल्या छोट्या बेटांवरची बहुतेक राहण्याची ठिकाणं बंद असतात. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्वे आणि होई आनच्या पट्ट्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात आणि डिसेंबरपर्यंत पावसाची झड लागून राहते. उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात तेव्हा थंडी आणि धुकं. फोटोत दिसणारी सोनेरी भातखाचरं तोवर कापून मोकळी झालेली असतात.

नेपाळचं वेगळं सांगते, कारण ट्रेक करणाऱ्यांचा तिथे हमखास अंदाज चुकतो. नोव्हेंबर तिथे सुरेख असतो. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि अन्नपूर्णा सर्किटवरची थोरोंग ला खिंड ५४१६ मीटर. पाय कितीही तयार असले तरी विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम तिथे पाळावाच लागतो. म्हणजे जाण्यायेण्यासकट अडीच-तीन आठवडे गेले. शिवाय हिमालयाचे गरम कपडे, मग तेच ओझं उरलेले दोन महिने उष्ण प्रदेशात वाहायचं. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, तो देश शेजारी आहे, कधीही स्वतंत्र जाता येईल.

तुमच्या तारखांना हवा खरोखर चांगली असते ती उत्तर थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला. पाऊस सरलेला, नद्या भरलेल्या, सकाळी गारवा. फेब्रुवारीपासून उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं-रानं जाळल्याचा धूर साठू लागतो, म्हणून उत्तर आधी उरकून दक्षिणेला उतरायचं. आणि या चारही मुलखांना जोडणारी रेघ शोधावी लागत नाही, ती नकाशावर आहेच: मेकाँग नदी.

माझ्या मते तुमचा प्रवास असा असावा. चियांग माईपासून सुरुवात, उत्तर थायलंडमध्ये अडीच आठवडे. चियांग खोंगला नदी ओलांडून लाओसमध्ये हुआय साय, तिथून बोटीनं लुआंग प्रबांग, आणि हळूहळू दक्षिणेला सी फान डोन बेटांपर्यंत चार आठवडे. पुढे कंबोडियात तीन आठवडे. शेवटी बोटीनं किंवा बसनं व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नऊ-दहा दिवस आणि हो ची मिन्ह सिटीहून परतीचं विमान. चार देश, आणि मधे एकही विमान नाही. आणखी एक सोय अशी की थायलंड आणि कंबोडिया यांच्यात २०२५ मध्ये लढाई झाली आणि त्यांच्या सीमेवरचे नाके बंद झाले. या मार्गात ती सीमा ओलांडावीच लागत नाही. सीमेलगतच्या देवळांकडे, म्हणजे प्रीह विहार वगैरे भागात, मात्र जाऊ नका.

तुम्हाला निसर्ग, संस्कृती, खाणं अशा तीन गोष्टी हव्यात आणि तीन प्रकारची ठिकाणं जमवावी लागतील असं वाटतंय. नदीकाठी राहिलात की ती वाटणी आपोआप पुसली जाते. लुआंग प्रबांगचंच बघा. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचं हे जुनं राजनगर १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लोक दोन दिवस येतात, पहाटेची भिक्षाफेरी आणि क्वांग सी धबधबा बघून निघून जातात. तुम्ही आठवडाभर राहा. पाऊस संपून पाणी उतरायला लागलं की काठावरच्या गाळात भाजीचे वाफे तयार होतात, नाम खानवर दरवर्षी नव्यानं बांबूचा पूल बांधला जातो. थंडीत पाणी निवळतं तेव्हा बायका नदीतल्या दगडांवरचं हिरवं शेवाळ गोळा करतात, धुतात, पातळ थापतात, वर तीळ, लसूण आणि टोमॅटोच्या चकत्या पेरून उन्हात वाळवतात. त्याला काइपेन म्हणतात. तेलात टाकलं की क्षणात कुरकुरीत होतं. हा पदार्थ नदीच्या या मोसमाचा आहे, या गावाचा आहे, आणि तुम्हाला चालणारा आहे. फक्त त्याबरोबर जेओ बोंग नावाची लाल मिरचीची चटणी येते, तिच्यात म्हशीच्या कातडीचे तुकडे असतात, तेवढी बाजूला ठेवा.

क्वांग सीचं पाणी निळं-हिरवं दिसतं ते चुनखडीमुळे, आणि तो रंग कोरड्या दिवसांतच असतो. पावसाळ्यात तिथे गढूळ लोंढा असतो. तुमची वेळ बरोबर आहे. सकाळी दार उघडायच्या सुमारास पोचा, दुपारी गर्दीत काही दिसत नाही.

पहाटेच्या भिक्षाफेरीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. ती तिथल्या लोकांची रोजची उपासना आहे. भिक्खू ओळीनं अनवाणी येतात, गावकरी गुडघ्यावर बसून पात्रात चिकट भात घालतात. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला शांत उभं राहा, फ्लॅश बंद, कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा नाही. स्वतः भात घालायचा असेल तर श्रद्धा असेल तरच घाला आणि रस्त्यावर विकत मिळणारा तयार भात घेण्याऐवजी आदल्या दिवशी राहत्या जागी सांगून ठेवा. बाई म्हणून एक लक्षात ठेवा, भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, वस्तूही थेट हातात द्यायची नसते. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक मोठी ओढणी सॅकच्या वरच्या कप्प्यात असली की काम भागतं.

आता मागे येऊन बोटीबद्दल. हुआय साय ते लुआंग प्रबांग ही संथ बोट दोन दिवस घेते, रात्री पाकबेंग गावात मुक्काम. दोन्ही बाजूंना डोंगर, मधेच एखाद्या वाळूच्या पट्ट्यावर माणसं चढतात-उतरतात. डिसेंबरमध्ये सकाळी नदीवर धुकं आणि बोचरी गार हवा असते, जाकीट हाताशी ठेवा. त्याच मार्गावर वेगवान बोटीही जातात. त्या घेऊ नका, खडकाळ पात्रात त्या धोक्याच्या आहेत. लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला नवं धरण बांधलं जातंय, त्यामुळे बोट नेमकी कुठे सोडते आणि पुढे गाडी लागते का, हे हुआय सायलाच विचारून घ्या.

लुआंग प्रबांगहून उत्तरेला नोंग खियाव आणि तिथून नाम ऊ नदीवर बोटीनं तासाभरावर मुआंग न्गोय. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला चुनखडीचे हे उभे कडे फार आवडतात, आणि दृश्य बघायच्या टेकड्या सकाळच्या दोन तासांत चढून होतात. पण लाओसमध्ये वाट सोडून रानात शिरायचं नाही. १९६४ ते १९७३ या काळात या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले गेले. त्यातल्या क्लस्टर बॉम्बच्या छोट्या गोळ्यांपैकी जवळजवळ तीस टक्के फुटल्याच नाहीत, त्या अजून जमिनीत आहेत. मळलेली वाट, गावातला वाटाड्या, आणि जमिनीवर पडलेल्या धातूच्या वस्तूला हात नाही. व्हिएन्तियानला पोचाल तेव्हा कोप केंद्र बघा. कृत्रिम पाय बसवण्याचं काम करणाऱ्या संस्थेचं ते प्रदर्शन आहे आणि ते बघितल्यावर पुढचा लाओस वेगळ्या नजरेनं दिसतो.

लुआंग प्रबांग ते व्हिएन्तियान हे अंतर पूर्वी घाटरस्त्यानं अख्खा दिवस खायचं. डिसेंबर २०२१ मध्ये चीनकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि आता ते दोन तासांत कापता येतं. स्थानकं गावाबाहेर आहेत, तिकीट दोन-तीन दिवस आधी काढा आणि सॅकमधला चाकू व फवारे आधीच काढून टाका, तपासणीत ते काढून घेतात. मधलं व्हांग व्हिएंग डोंगरांसाठी सुंदर आहे, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. फुकट मिळणारं किंवा सुट्टं मद्य कुठेही घेऊ नका, प्यायचीच तर सीलबंद बिअर.

दक्षिण लाओससाठी बहुतेकांकडे दिवसच उरत नाहीत, आणि मला तोच भाग सर्वांत जास्त द्यावासा वाटतो. थाखेकहून काही तासांवरची कोंग लोर गुहा ही खरं तर डोंगराच्या पोटातून सात किलोमीटर वाहणारी नदी आहे. हेडलाइट लावलेल्या छोट्या होडीतून ती आरपार करतात. पाक्सेच्या वरचं बोलावेन पठार हजार मीटरच्या वर आहे, धबधबे आणि कॉफीचे मळे, आणि तुम्ही जाल तेव्हा कॉफीची तोडणी चालू असेल. शेतकऱ्यांच्या घरी राहता येतं, फळ सोलण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं ते दाखवतात. मग चंपासाकचं वात फू. हे मूळचं शिवमंदिर. मागच्या डोंगराच्या माथ्यावर नैसर्गिक शिवलिंगासारखा सुळका आहे, म्हणून जुन्या ख्मेर (कंबोडियन) राज्यात त्याला लिंगपर्वत म्हणत. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गाभाऱ्यातल्या लिंगावर आणलेलं होतं. कंबोडियातल्या अंकोरच्या देवळांकडे जाण्याआधी हे बघितलं की तिथली रचना समजायला सोपी जाते.

आणि शेवटी सी फान डोन, जिथे मेकाँग पसरून असंख्य बेटांत विभागते. सायकलनं फिरा, खोन फापेंगचा प्रचंड धबधबा बघा, पण नदीत पोहू नका. या पट्ट्यात आणि पुढे कंबोडियातल्या क्राचेहपर्यंत पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार आहे. होस्टेलातली मंडळी डुंबत असतील, तरीही नको.

कंबोडियात क्राचेहजवळ इरावदी डॉल्फिन आहेत; सगळ्या मेकाँगमध्ये मिळून शंभराच्या आसपासच उरलेत. इंजिन बंद करून थांबणारा नावाडी घ्या. अंकोरसाठी एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ आणि सात दिवसांचं ७२ आहे. तीन दिवसांचं दहा दिवसांत आणि सात दिवसांचं महिनाभरात कधीही वापरता येतं, म्हणजे सलग जायची गरज नाही. मी सात दिवसांचंच घ्यायला सांगते. रोज सकाळी तीन-चार तास देवळं, दुपारी आराम. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनानं बांधलेल्या अंकोर वाटच्या पूर्व सज्जात समुद्रमंथनाचा लांबच लांब शिल्पपट आहे, तो आपल्याला वाचायला कुणी लागत नाही. पण बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीही चुकवू नका: तिथे बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज आणि माशांनी भरलेलं पाणी कोरलंय. तो मासा तोन्ले साप सरोवरातला. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवराकडची नदी उलटी वाहायला लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरतं. पाणी उतरताना मासे सापडतात आणि ते आंबवून वर्षभराचा प्राहोक घालतात. तुम्ही तो खाणार नाही, पण सरोवरावरच्या तरंगत्या गावात तो घालताना बघा, कारण सगळ्या ख्मेर स्वयंपाकाची चव तिथून येते. शेवटचे चार दिवस कंपोतला द्या. मिरवेलींचे मळे आणि मिठागरं आहेत, आणि व्हिएतनामची सीमा जवळ.

म्हणजे इथवरचं थोडक्यात: उत्तरेकडून दक्षिणेला, नदीबरोबर, एका ठिकाणी शक्यतो चार रात्रींहून कमी नाही.

आता खाण्याचा खरा पेच. तो तुम्ही किती कडक पाळता यावर आहे, आणि ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. या चारही देशांत माशाचा अर्क मिठासारखा वापरतात. थायलंडमध्ये नाम प्ला, लाओसमध्ये त्याहून दाट पाडेक, कंबोडियात प्राहोक. भाजीत मांसाचा तुकडा नसला तरी हे असतं, आणि नूडल्सचं पाणी बहुधा हाडांचं. समोर तुकडा नसला की पुरे, असं तुमचं असेल तर काहीच अडचण नाही. अर्कही नको असेल तर तसंही जमतं, फक्त शहरात चैन आणि खेड्यात साधेपणा अशी तयारी ठेवा.

थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं. चियांग माईत अशी भरपूर आहेत आणि नारळाच्या दुधातली खाओ सोय नावाची नूडल्स तिथे शाकाहारी मिळतात. लाओसमध्ये वाफवलेला चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो, हातानं गोळा करून चटणीत बुडवून खातात. भाजलेल्या वांग्याचं जेओ मागवा, पाडेक न घालता. ते आपल्या भरताच्या सख्ख्या बहिणीसारखं लागतं. व्हिएतनाममध्ये ‘कॉम चाय’ लिहिलेल्या खाणावळी असतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी पुष्कळ बौद्ध घरांत मांस शिजत नाही, त्यामुळे त्या दिवशी बाजारातल्या गाड्यांवरही शाकाहारी मिळतं. कंबोडियात सर्वांत जास्त विचारावं लागतं.

मी करते ते असं: निघण्याआधी चारही भाषांत एक चिठ्ठी लिहून घेते, त्यात ‘शाकाहारी’ हा शब्द न लिहिता मांस, मासे, कोळंबी, माशाचं पाणी, हाडांचं पाणी अशी नावंच देते. ती मालकाला न दाखवता कढईपाशी उभ्या असलेल्या बाईला दाखवायची. पहिल्याच आठवड्यात चियांग माईत एक दिवसाचा स्वयंपाकवर्ग करा, कारण तिथे बाजारात नेऊन कशात काय असतं ते दाखवतात आणि ती ओळख पुढचे दोन महिने उपयोगी पडते. शेंगदाण्याची चटणी एक डबाभर न्या, चिकट भाताबरोबर ती उत्तम लागते.

एकटीनं जाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण घरी तोच मोठा प्रश्न असणार. हा पट्टा एकट्या बाईसाठी एकंदरीत सोपा आहे आणि इथे तुमच्यासारख्या पुष्कळ जणी भेटतात. तरी काही गोष्टी मी कधी सोडत नाही. नव्या गावात उजेडात पोचायचं, त्यासाठी सकाळची बस महाग असली तरी घ्यायची. लाओसच्या रात्रीच्या स्लीपर बसमध्ये बहुधा दोघांना मिळून एक बिछाना असतो. तिकीट काढतानाच शेजारी बाई द्या म्हणून सांगा, नाहीतर दोन्ही जागा घ्या. पासपोर्ट हमी म्हणून कुणाकडे ठेवू नका, रोख अनामत द्या. घरच्यांना रोज फोनचं वचन देऊ नका, डोंगरात नेटवर्क नसलं की उगाच धसका बसतो. ‘दर दोन दिवसांनी’ एवढंच सांगा आणि ते पाळा.

स्कूटर चालवायची की नाही हे तुमच्या परवान्यावर ठरवा. घरी दुचाकीचा परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट काढून घ्या, थायलंड आणि लाओसमध्ये ते चालतं. व्हिएतनाममध्ये चालत नाही, कारण आपलं परमिट १९४९ च्या करारानुसारचं आणि तिथे १९६८ चा करार मानतात. वैध परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि विमा नीट बघूनच घ्या: लाओसमध्ये गंभीर दुखापत झाली की नदीपलीकडे थायलंडला हलवतात, तो खर्च त्यात हवा. कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. निघण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या पूर्व-लशीबद्दल आणि मलेरियाबद्दल विचारा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलम सकाळीही लावा.

पैशांचं थोडक्यात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाहतच्या वर शुल्क कापतात, म्हणून कमी वेळा आणि मोठी रक्कम काढा. मशीन रुपयांत रक्कम दाखवून विचारलं तर नको म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. लाओसचे किप देशाबाहेर बदलून मिळत नाहीत, सी फान डोनला संपवूनच निघा. कंबोडियात डॉलर चालतात पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कुणी घेत नाही, हातात घेतानाच तपासा.

कागदपत्रांचे नियम या भागात वारंवार बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात दूतावासांच्या संकेतस्थळांवर पुन्हा बघा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. थायलंडसाठी १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड आधी भरावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ पासून नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, पण अर्जात प्रवेशाचा नाका लिहावा लागतो. तुम्ही नॉम पेन्हहून चाउ डॉकला बोटीनं येणार की कंपोतहून हा तिएनला बसनं, हे तेव्हाच ठरवा. तो अर्ज घरून न करता अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात बसून केलात तर तारखा मोकळ्या राहतील.

राहिला बुकिंगचा प्रश्न. सगळं आधी बुक केलंत तर मुआंग न्गोयला दोन दिवस जास्त राहावंसं वाटलं तरी राहता येणार नाही. चियांग माईच्या पहिल्या चार रात्री बुक करा. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथे यी पेंग आणि लॉय क्राथोंग हे दिव्यांचे सण असतात आणि गाव भरून जातं. तुमच्या तारखा त्यावर येत असतील तर आताच करा. नाताळ ते नववर्ष हे दिवस जिथे काढणार असाल तिथलीही जागा आधी घ्या, त्या हिशेबानं ते बोलावेन किंवा सी फान डोनला येतात. परतीच्या विमानाची तारीख मात्र व्हिएतनामी नववर्ष बघून ठरवा. हा सण, म्हणजे तेत, जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो, त्याआधीचा आठवडाभर अख्खा देश घरी निघालेला असतो, बस-गाड्या मिळत नाहीत आणि सणाच्या दिवसांत खाणावळी बंद. तो जानेवारीअखेर येत असेल तर कंबोडियातले चार दिवस कमी करून त्रिभुज प्रदेश आधी बघून घ्या. बाकी सगळं एक-दोन दिवस आधी ठरवलंत तरी चालेल. नक्की तारखा आणि रोजचा अंदाजे खर्च कळवलात तर लाओसच्या चार आठवड्यांचे मुक्काम मी जास्त बारकाईनं लिहून देईन.